निवडणं

मेणकापडावर कुट्टूचे दाणे पसरून
तैसिया ग्लेबोव्ना खडे निवडायची,
सात कुटुंबांच्या त्या एका स्वयंपाकघरात,
वासिलेव्स्की बेटावर, चौथ्या मजल्यावर.
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
ऑगस्टात तिला प्रयोगशाळेतून काढलं,
आता ट्रामच्या डेपोत ती तिकिटं मोजायची.

मी नऊ वर्षांचा. मला एवढंच ठाऊक
की तिच्या कोटाच्या आतल्या खिशात
कापसाचं बूच लावलेली काचेची नळी आहे
आणि नळीत फळमाश्या.

बाकीच्या नळ्या तिनंच उकळत्या पाण्यात बुडवल्या होत्या.
हुकूम होता. कागदावर गोल शिक्का होता.
युद्धात साराटोव्हला नेऊन परत आणलेल्या,
तेवीस वर्षांच्या पिढ्या, म्हणाली,
चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात.

आमच्या वर्गाच्या भिंतीवर गव्हाचं चित्र होतं:
बी थंडीत भिजवलं की ते शिकतं,
आणि शिकलेलं पोराबाळांना देतं.
मला ते फार आवडायचं.
मीही बोटांवर फुंकर घालत
पाढे शिकतच होतो की.

फेब्रुवारीत नळी फुटली.
माझ्या कोपरानं. तिनं बोल लावला झुबोवाबाईच्या मांजराला,
आणि मी लावू दिला.
माश्या सुटल्या. काही पंखांच्या,
काही पंखांच्या जागी नुसते खुंट असलेल्या.
दिव्याखाली उन्हाळ्यापासून टांगलेली चिकटपट्टी,
अजून मधाळ, अजून ओली.
पंखवाल्या उजेडाकडे गेल्या. दुसरीकडे कुठं जाणार?
रात्रीपर्यंत पट्टीवर खसखस पेरल्यासारखं झालं.
खुंटवाल्या रांगत राहिल्या
बशीतल्या दोन मनुकांभोवती.

एप्रिलात बशी गजबजली.
एकही उडत नव्हती.

"शिकल्या ना?" मी विचारलं,
"पट्टी बघून चालायला शिकल्या?"

तिचा हात दाण्यांवर थांबला.
"कुणी काही शिकलं नाही, ल्योव्का.
ज्या उडाल्या त्या चिकटल्या.
ज्यांना उडता येत नव्हतं, त्यांची लेकरं झाली.
पट्टीला हात नाहीत. पट्टीला काही हवंही नव्हतं."

मग तिनं नळ सोडला, भिंतींना ऐकू जाऊ नये म्हणून,
आणि पाण्याच्या आवाजाआडून सांगत बसली:
आधी लोक म्हणायचे, जे आहे ते पहिल्यापासून असंच.
मग डोंगरावर शिंपले सापडायला लागले.
मग कुणी म्हणालं, जिराफानं मान ताणली, ती पोराला मिळाली
(तुझ्या गव्हासारखंच, म्हणाली, आणि हसली नाही).
मग एकजण कबुतरवाल्यांच्या अड्ड्यावर बसून
विचार करू लागला,
निवडणारा हातच काढून घेतला तर?
पण बापाचं नाक पोरीकडे कसं येतं, ते त्यालाही उलगडलं नाही.
ते मोजलं होतं एका मठाच्या परसात, वाटाण्यांवर,
आणि जगानं त्या मोजणाऱ्याला पस्तीस-एक वर्षं
वाटाण्याच्याच अक्षता लावल्या.

नळ तिनं घट्ट बंद केला.
यातलं शाळेत काही बोलायचं नाही, एवढं म्हणाली.
मी बोललो नाही. कोपराचंही नाही.

पासष्ट साली विद्यापीठातून एक तरुण आला,
हातात टोपी, मूळ वाण मागत.
"मूळ नाही उरलं," ती म्हणाली, "मी जपलं ते हे नव्हे.
हे घ्या. एक चिकटपट्टी, खिडकीची फट, सतरा हिवाळे.
वहीत तसंच लिहा."
तो लिहीत राहिला. मी दारात उभा,
सव्वीस वर्षांचा, कोपर पाठीमागे धरून.

पण मला आठवते ती एप्रिलातली रात्र.
तिनं मलाही ताट वाढलं होतं,
वर लोण्याचा एवढासा तुकडा.
तिसऱ्याच घासाला दाताखाली कचकन खडा आला.
"हातानं निवडलेलं ना," ती म्हणाली,
आणि बशीची कड पुढे केली.